चीनमधल्या आजच्या इमारती आणि त्यांचे फोटो : ऊन, ओळंबा आणि चौकट

कौलारू (धागाकर्ता)

चीनमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींवर आपण जे काही बोलतो, ते जवळजवळ सगळं फोटो बघून बोलतो. तो फोटो कुठे उभं राहून, किती वाजता, कोणत्या लेन्सने काढला यावर इमारतीबद्दलचं आपलं मत ठरतं. म्हणून हा धागा दोन्हींसाठी: इमारत बांधली कशी आहे आणि ती कॅमेऱ्यात नीट कशी येते, किंवा का येत नाही.

सुरुवात निंगबोच्या इतिहास संग्रहालयापासून. वांग शू आणि लू वेनयू यांच्या 'अमॅच्युअर आर्किटेक्चर स्टुडिओ'चं हे काम २००८ मध्ये पूर्ण झालं. वांग शूंना २०१२ चा प्रित्झकर (वास्तुकलेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार) मिळाला, तो मिळवणारे ते पहिले चिनी नागरिक. इमारत २४ मीटर उंच आहे. खालचा भाग साधा पेटीसारखा, वर गेल्यावर तिचे डोंगरासारखे सुळके होतात आणि काही भिंती बाहेर झुकतात.

भिंती दोन प्रकारच्या आहेत. एक 'वापान', म्हणजे जुनी कौलं, विटा आणि त्यांचे तुकडे एकावर एक रचून केलेलं बांधकाम. निंगबो भागातली ही जुनी पद्धत. वादळाने घर पडलं की हाताशी असेल त्या मालाने पुन्हा भिंत उभी करायची, त्यातून ती आली. संग्रहालयासाठी परिसरातल्या पाडलेल्या गावांचा माल वापरला, विटा-कौलांचे वीसहून अधिक प्रकार. मागे काँक्रीट, पुढे हे थर. दुसऱ्या प्रकारच्या भिंतीत काँक्रीटच्या शटरिंगला आतून बांबू लावले आहेत. शटरिंग काढल्यावर बांबूची पेरं काँक्रीटवर उमटलेली दिसतात.

फोटो बिघडतो तो तीन ठिकाणी.

पहिलं, ऊन भिंतीवर समोरून पडलं की वापानचे थर सपाट होतात आणि भिंत छापील कागदासारखी दिसते. ऊन भिंतीला घासून जायला हवं. भिंतीच्या पातळीशी उन्हाचा कोन साधारण १० ते २० अंश असला की प्रत्येक कौलाची कड स्वतःची सावली पाडते.

दुसरं, हे बारीक आडवे थर वेबसाठी फोटो लहान केला की लाटांसारखी खोटी नक्षी तयार करतात. लहान करताना एका फटक्यात करू नका. आधी निम्मा, मग हवा तेवढा, आणि धार वाढवणं सगळ्यात शेवटी, अगदी थोडं. नक्षी मूळ फाइलमध्येच असेल तर फोटो काढतानाच लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे एफ ११ ते १३, ठेवणं, किंवा चार पावलं पुढे-मागे होऊन थरांचा आकार बदलणं, हे दोनच उपाय उपयोगी पडतात.

तिसरं, झुकलेली भिंत 'सरळ' करण्याचा मोह. त्याबद्दल इतरांनी लिहावं.

सावलीचा_कोन

उन्हाबद्दल थोडं आकड्यात. मुंबईच्या (१९ अंश उत्तर) उन्हाची सवय असलेल्यांची चीनमध्ये दोनदा फसगत होते.

एक, सूर्याची उंची. २१ डिसेंबरला दुपारी मुंबईत सूर्य ४७ अंशांवर असतो, निंगबोत ३७, बीजिंगमध्ये साडेसव्वीस, हार्बिनमध्ये जेमतेम २१. बीजिंगच्या हिवाळ्यात शेजारच्या टॉवरची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब पडते, तीही भरदुपारी. रुंद रस्त्यापलीकडची इमारतसुद्धा अर्धी काळोखात असते. फेब्रुवारी संपेपर्यंत थांबलात तर तीच सावली बरीच आखूड होते.

दुसरं म्हणजे घड्याळ. सगळ्या चीनला एकच वेळ, १२० अंश पूर्व रेखांशाची. छंगदू १०४ अंशांवर असल्याने तिथे सूर्य डोक्यावर येतो दुपारी एकच्या सुमारास. हार्बिनमध्ये साडेअकराच्या सुमारासच मध्यान्ह. डिसेंबरअखेर हार्बिनला पावणेचारनंतर सूर्य मावळायला लागतो. 'संध्याकाळी जाऊ' म्हणून चारला निघालात तर निळा उजेडसुद्धा संपत आलेला असेल.

कौलारू, तुमच्या पहिल्या मुद्द्याला जोड: 'दुपारी फोटो काढू नका' हा नेहमीचा सल्ला निंगबोच्या दक्षिण भिंतीला उलटा लागू पडतो. जुलैच्या शेवटी दुपारी बाराला सूर्य तिथे जवळपास ८० अंशांवर असतो, म्हणजे उभ्या दक्षिण भिंतीला तो वरून १० अंशांनी घासतो. वापानचा पोत सगळ्यात खोल तेव्हाच दिसतो. बाहेर झुकलेली भिंत मात्र त्या वेळी पूर्ण सावलीत जाते, तिच्यासाठी सकाळ किंवा हिवाळा बघा. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत 'मेइयू'चा पाऊस असतो, त्या भागात तेव्हा ऊन गृहीत धरू नका.

शटरगती

आता झुकलेल्या भिंती. सगळ्यात मोठं उदाहरण बीजिंगचं सीसीटीव्ही, म्हणजे चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीचं, मुख्यालय. ओएमए या वास्तुसंस्थेचं काम, रेम कूलहास आणि ओले शेरेन. उंची २३४ मीटर. दोन्ही मनोरे ६ अंशांनी कलते, तेही दोन दिशांना, आणि वर ७५ मीटर बाहेर आलेला भाग त्यांना जोडतो. लाइटरूम या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधलं उभ्या रेषांचं 'ऑटो' वापरलंत तर सॉफ्टवेअर याच कलत्या कडांना उभ्या समजून सरळ करायला बघतं. इमारत सरळ होते आणि शेजारचे सगळे टॉवर आडवे पडायला निघतात. मग कुणाला तरी वाटतं की इमारतीचा कल फक्त फोटोपुरता आहे.

उपाय जुना, गवंड्याचा: ओळंबा आणि पाणसळ. भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही. कॅमेऱ्यातली पातळी दाखवणारी रेघ चालू करा, दोन्ही अक्षांवर शून्य करा, आणि सरळपणाचा पुरावा म्हणून चौकटीत कुठेतरी दिव्याचा खांब, दाराची चौकट किंवा शेजारची साधी इमारत घ्या. नंतर दुरुस्ती करायची झाली तर त्या खांबावरून करा.

कॅमेरा आडवा पातळीत ठेवून इतकी उंच इमारत चौकटीत बसवायची तर शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, लागते. हिशोब सोपा आहे. फुल-फ्रेम सेन्सर २४ बाय ३६ मिमी. आडव्या चौकटीत मधल्या रेषेच्या वर १२ मिमी मिळतात, लेन्स १२ मिमी वर सरकवली की २४. लेन्स २४ मिमीची असेल तर डोळ्याच्या पातळीच्या वर जितकं अंतर तितकीच उंची मावते. म्हणजे सीसीटीव्हीसाठी किमान २३२ मीटर मागे जायला हवं. चौकट उभी केली तर १८ अधिक १२, म्हणजे ३० मिमी, आणि अंतर १८६ मीटरवर येतं. १७ मिमीच्या शिफ्ट लेन्सने उभ्या चौकटीत १३२ मीटर. कॅननच्या १७ आणि २४ मिमी शिफ्ट लेन्स ६७.२ मिमी व्यासाचं प्रतिबिंब देतात, त्यामुळे हे सरकवणं कोपऱ्यांसकट मावतं, पण अगदी टोकाला कोपरे मऊ होतात. एफ ११ ठेवा.

निंगबोला मात्र फारसं सरकवावं लागत नाही. २४ मिमी, ४० मीटर अंतर, इमारतीचा माथा मधल्या रेषेपासून साडेतेरा मिमीवर येतो. वर थोडं आकाश हवं म्हणून ४-५ मिमी शिफ्ट पुरते.

नवी_पाटी

शिफ्ट लेन्स सगळ्यांच्या आवाक्यातली नाही. फोनवर काय करता येईल?

शटरगती

@नवी_पाटी, तेच तंत्र चालतं. फोन उभा धरा, ०.५ची रुंद लेन्स (बऱ्याच फोनमध्ये साधारण १३ मिमीच्या बरोबरीची), फोन अजिबात वर न झुकवता पातळीत. फोटोचा खालचा अर्धा भाग नुसती जमीन येईल, तो कापून टाका. झाली शिफ्ट लेन्स. याच हिशोबाने सीसीटीव्ही १६८ मीटरवरून मावतं. दोन तोटे आहेत. अर्धे पिक्सेल जातात, आणि रुंद लेन्सच्या टोकाला आकार ताणला जातो, म्हणून इमारतीचा माथा चौकटीच्या अगदी कडेला नेऊ नका. आणखी एक: फोनचं आपोआप होणारं एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो जोडणं) सावल्या उजळ करतं. वापानसारख्या भिंतीचा सगळा जीव सावल्यांत असतो, त्यामुळे रॉ (फोनने प्रक्रिया न केलेली) फाइल मिळत असेल तर ती घ्या.

वर झुकवून काढून नंतर सॉफ्टवेअरने सरळ करणं हा शेवटचा पर्याय. माथ्याकडचा तपशील ताणून पातळ होतो आणि इमारत आहे त्याहून उंच, सडपातळ दिसते.

गिलावा

पांढऱ्या भिंतींवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सूझोऊ संग्रहालय, आय. एम. पेई, २००६. पांढरी भिंत, कडेला करड्या दगडाच्या पट्ट्या, आणि छताला कौलांऐवजी ग्रॅनाइट. हा दगड कोरडा असताना करडा, ओला झाला की काळा. त्यामुळे एकाच आठवड्यात काढलेले दोन फोटो दोन वेगळ्या इमारतींचे वाटू शकतात.

तलावामागे उत्तरेच्या पांढऱ्या भिंतीला लावून कापलेल्या दगडांची डोंगररांग उभी केली आहे, सुंग काळातल्या (९६० ते १२७९) मी फू या चित्रकाराच्या डोंगरांना समोर ठेवून. भिंतीपलीकडे जुनी झुओझंग बाग. दगड दक्षिणेकडे तोंड करून आहेत, म्हणजे दिवसभर ऊन बघणाऱ्याच्या पाठीमागून त्यांच्यावर पडतं, आणि दुपारी रांग पुठ्ठ्याची वाटते. पाऊस थांबल्यावरची ढगाळ सकाळ सगळ्यात चांगली: भिंत आकाशात विरते, दगड ओले आणि गडद, पाणी स्थिर.

एक्स्पोजर: कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्या भिंतीला राखाडी करतो. फक्त भिंतीवर मोजून (स्पॉट मीटर) दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), पूर्ण चौकटीचं मोजमाप असेल तर सव्वा ते दीड. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे टेकू द्या, कापला जाऊ देऊ नका. व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाचा समतोल) 'ऑटो'वर ठेवलात तर ढगाळ दिवशी भिंत प्रत्येक फोटोत वेगळी निळसर येते, म्हणून ५५०० ते ६००० केल्विनच्या दरम्यान एक आकडा ठरवून सगळी मालिका त्यावरच काढा.

आणि भिंतीवर पावसाचे ओघळ असतील तर ते पुसू नका. आपल्या कोकणात चुन्याच्या भिंतीची जी गत होते तीच तिथेही होते. चांगल्या तपशिलाची इमारत पाणी कुठून खाली सोडते हे त्या ओघळांवरून कळतं.

अवकाशवेध

गिलावा यांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. चीनमधल्या प्रसिद्ध इमारतींचे आपल्याला माहीत असलेले फोटो बहुतेक उद्घाटनाच्या आसपासचे असतात. पॅनेल धुतलेली, लोक नाहीत, झाडं नुकती लावलेली. पाच वर्षांनी त्याच पांढऱ्या अॅल्युमिनियमवर सांध्यांखाली काळे ओघळ आलेले असतात. दोन्ही फोटो खरे, पण आपण एकच बघतो.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण त्यानजिनचं बिनहाय ग्रंथालय. डच कंपनी एमव्हीआरडीव्ही, २०१७, ३३,७०० चौरस मीटर. मधोमध गोल प्रेक्षागृह, भोवती लाटांसारखे पायऱ्यांचे कप्पे छतापर्यंत. फोटो जगभर फिरले. मग लोक आत गेले तेव्हा कळलं की वरच्या कप्प्यांत पुस्तकं नाहीत, भोकं पाडलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर पुस्तकांची चित्रं छापली आहेत. मूळ आराखड्यात वरच्या कप्प्यांपर्यंत मागच्या खोल्यांतून पोहोचायचं होतं. बांधकाम घाईत, तीन वर्षांत उरकायचं ठरलं आणि त्या खोल्या वगळल्या गेल्या. हा बदल स्थानिक पातळीवर, आपल्या इच्छेविरुद्ध झाला असं वास्तुरचनाकारांनीच जाहीर केलं आहे.

आता फोटोच्या बाजूने बघा. रुंद लेन्सने मधूनच काढलेल्या फोटोत वरचा कप्पा चौकटीत काही पिक्सेलचा असतो. छापलेलं पुस्तक आणि खरं पुस्तक यांत फरक कळण्याची शक्यताच नाही. तिथे ७० ते १०० मिमी लेन्सने वरच्या कप्प्यांचे चार फोटो काढले असते तर भोकं दिसली असती. म्हणून आत गेल्यावर एक रुंद फोटो काढला की त्याच जागेवरून लांब लेन्सने डोळ्यांपासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्याचा एक काढायचाच.

दगडविटा

@अवकाशवेध, यात फोटोग्राफरवर फार बोजा टाकताय. त्याला काम दिलं जातं इमारतीचा आकार दाखवण्याचं, आणि त्या फोटोंनी आकार अचूक दाखवला. पत्रे छापलेले आहेत हे मजकुरात लिहिणं प्रकाशकाचं काम.

दोन टोकं समोर ठेवतो. इवान बान यांनी सीसीटीव्हीचं बांधकाम वर्षानुवर्षं टिपलं, त्यात कामगार आहेत, आजूबाजूची वस्ती आहे, धुरकट हवा आहे. उलट क्रिस प्रोवोस्ट यांची 'ब्युटिफाइड चायना' ही मालिका: त्याच प्रकारच्या इमारतींचे तुकडे, मागे कोरं आकाश, शहर पूर्ण काढून टाकलेलं. हाँगकाँगमध्ये मायकेल वुल्फ यांनी आकाश आणि जमीन दोन्ही चौकटीबाहेर ठेवून गगनचुंबी वसाहतींची न संपणारी भिंत केली. तिन्ही प्रामाणिक आहेत, कारण फोटो काय सांगत नाही हे बघणाऱ्याला लगेच कळतं. फसवतो तो मधला फोटो, जो संपूर्ण असल्याचा भास देतो.

अवकाशवेध

मान्य, बोजा एकट्यावर नको. पण 'आकार अचूक दाखवला' एवढ्यावर मी थांबणार नाही. ग्रंथालयाचा फोटो पाहणारा कप्प्यांत पुस्तकं आहेत हे गृहीत धरतो, ते गृहीतसुद्धा त्या आकाराचाच भाग आहे.

ओसरी

फोटोने इमारतीचं आयुष्य बदलल्याचं दुसरं उदाहरण म्हणजे बेइदायहेच्या किनाऱ्यावरचं सागरतीर ग्रंथालय. वेक्टर आर्किटेक्ट्स, गोंग डोंग, २०१५, जेमतेम ४५० चौरस मीटर. रिकाम्या वाळूवर एकटी उभी काँक्रीटची इमारत, अशा फोटोंमुळे तिचं नाव 'सगळ्यात एकाकी ग्रंथालय' पडलं आणि एकाकीपणा बघायला रांगा लागल्या. अशा ठिकाणांना चिनी लोक 'वांगहोंग' (नेटवर गाजलेलं) म्हणतात, आणि तिथे जाऊन ठराविक जागेवरून फोटो काढण्याला 'दाका', म्हणजे हजेरीचं कार्ड टोचणं.

इथला उजेड पूर्वेच्या समुद्रावरून येतो, आणि वाचनाची जागा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत समुद्राकडे तोंड करते. सकाळी बाहेर आणि आत सहज ७-८ स्टॉपचा फरक असतो. ट्रायपॉड लावता येत असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने ५ फोटो घ्या, पण जोडताना खिडकीबाहेरचा समुद्र आतल्या भिंतीइतका गडद करू नका. समुद्र आतल्यापेक्षा दीड-दोन स्टॉप उजळच राहिला पाहिजे, नाहीतर खिडकीत पोस्टर चिकटवल्यासारखं दिसतं.

नवी_पाटी

गर्दी काढून टाकायची पद्धत कुणी सांगेल का? आणि ती काढावी का?

ओसरी

पद्धत: कॅमेरा घट्ट, एक्स्पोजर आणि फोकस हाताने ठरवलेले, १५ ते २० फोटो, दर १०-१५ सेकंदांनी एक. सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून 'मीडियन' (प्रत्येक बिंदूची मधली किंमत) काढा. एखादा माणूस निम्म्याहून कमी फोटोंत एका जागी असेल तर तो नाहीसा होतो. बाकावर बसलेला माणूस जात नाही. ५ मिनिटांहून जास्त लांबवू नका, उन्हात सावलीची कड सरकते आणि धूसर होते. झाडांची पानं आणि पाणी गुळगुळीत होतात, तेवढा भाग एकाच फोटोतून घ्या.

काढावी का? पोत आणि सांधे दाखवायचे असतील तर काढा. जागा कशी वापरली जाते हे दाखवायचं असेल तर काढू नका. निदान एक माणूस ठेवा, मापासाठी. १९३७ मध्ये ल्यांग सिछंग आणि लिन ह्वेइयिन या वास्तुइतिहासकार जोडप्याने वूताय डोंगरातलं फोग्वांग मंदिर (मुख्य दालन ८५७ सालचं) शोधून मोजलं. त्यांच्या पिढीच्या सर्वेक्षणाच्या फोटोंत माणूस मोजपट्टीसारखा उभा दिसतो. ती सवय आज हरवली आहे.

कौलारू

माणसांसकट बघायलाच हवी अशी इमारत म्हणजे छंगदूची 'वेस्ट व्हिलेज'. लिऊ ज्याखुन, २०१५. याच लिऊंना २०२५ चा प्रित्झकर मिळाला. शहराचा अख्खा चौक कडेकडेने पाच मजली इमारतीने वेढलेला, मधे मैदानं आणि झाडी, आणि वर चढत जाणारे चालण्या-सायकलींचे उतार. रिकामी असताना ही इमारत अपुरी वाटते. उतारावरून खालच्या मैदानाकडे ३५ मिमीने बघा, कामाचे दिवस सोडून संध्याकाळी.

छंगदूला ऊन दुर्मीळ. 'सिचुआनचे कुत्रे सूर्याला भुंकतात' अशी जुनी चिनी म्हणच आहे. उघड्या काँक्रीटला हा मऊ उजेड मानवतो. फक्त आकाश कोरं पांढरं येतं, तेव्हा ते चौकटीत कमीत कमी घ्या.

लिऊंची 'पुनर्जन्माची वीट'ही लक्षात ठेवण्यासारखी. सिचुआनमधल्या २००८ च्या भूकंपानंतर पडलेल्या घरांचा राडारोडा, गव्हाचं काड आणि सिमेंट एकत्र करून ती बनवली. तिचा फोटो जवळून, बाजूच्या उजेडात, शेजारी साधी वीट ठेवून काढला तरच काय वेगळं आहे ते कळतं.

सरपण

काटक्यांच्या इमारतीचा उल्लेख राहिला. बीजिंगजवळ ह्वायरोऊमधलं लियुआन ग्रंथालय, ली श्याओडोंग, २०११, १७५ चौरस मीटर. काचेच्या बाहेर गावात जळणासाठी गोळा होतात तसल्या काटक्या उभ्या बसवल्या आहेत. आत दिवसभर कवडसे. अडचण अशी की कवडसा आणि त्याच्या शेजारची सावली यांत इतका फरक असतो की मीटर गोंधळतो. कवडशावर मोजा, तो पांढराफटक होऊ देऊ नका, सावली नंतर उजळ करा. आणि हलक्या ढगाची वाट बघा. सूर्य अर्धवट झाकला की कवडसे राहतात, पण फरक निम्म्यावर येतो.

हिमरेषा

हार्बिनच्या ऑपेरा हाउसबद्दल. एमएडी, मा यानसोंग, २०१५. सोंगहुआ नदीच्या पाणथळ जमिनीवर पांढऱ्या अॅल्युमिनियमची वळणं, मोठं सभागृह १,६०० आसनांचं, आतून मंचुरियन अॅश लाकूड. छतावर बाहेरून चालत जाता येतं.

हिवाळ्यात पांढरी इमारत, पांढरा बर्फ, पांढरं आकाश. सव्वा ते दीड स्टॉप वाढवा, आणि सूर्य खूप खाली असताना या, म्हणजे वळणाची एक बाजू निळी आणि एक पिवळसर होते. तेवढ्या रंगावरच आकार उठून दिसतो. व्हाइट बॅलन्स दुरुस्त करताना हा निळा घालवू नका.

उणे वीसमध्ये बॅटरी लवकर मान टाकते. दोन जादा बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. आत जाण्याआधी बाहेरच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि आत गेल्यावर तासभर उघडू नका. नाहीतर लेन्सच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि सभागृहाचे सगळे फोटो जातात.

पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) घरी ठेवा. धातूवरच्या चमकेवर तो जवळपास काही करत नाही. बीजिंगच्या राष्ट्रीय रंगमंच केंद्राच्या (पॉल आंद्रू, २००७) टायटॅनियमच्या घुमटालाही हेच लागू. काचेवर तो चालतो, पण साधारण ५६ अंशांच्या आपातकोनापाशी सर्वात जास्त. वळणाऱ्या काचेवर हा कोन जागोजागी बदलतो, म्हणून काच एका पट्ट्यात काळी आणि बाकी चमकती येते.

नकाशावाला

जाण्याच्या तयारीतल्या तीन गोष्टी.

चीनमधले रस्त्यांचे नकाशे मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर असतात (जीसीजे-०२). फरक १०० ते ७०० मीटर. परदेशी अॅपमध्ये उपग्रह चित्र आणि रस्ते एकमेकांवर बसत नाहीत. सूर्याची दिशा दाखवणाऱ्या अॅपमध्ये पिन रस्त्याच्या नकाशावर टाकलीत तर ती भलत्याच इमारतीवर पडते. पिन नेहमी उपग्रह चित्रावर, छप्पर ओळखून टाका. शटरगतींचं १८६ मीटर वगैरे अंतरसुद्धा उपग्रह चित्रावरच मोजा. तिथे पोहोचायला मात्र गाओदेसारखं स्थानिक अॅप वापरा.

ड्रोन: १ जानेवारी २०२४ पासून नवे नियम आहेत. मालकाची खऱ्या नावाने नोंदणी लागते. परवानगीच्या हवाई क्षेत्रात २५० ग्रॅमखालच्या ड्रोनला ५० मीटर, हलक्या वर्गातल्याला १२० मीटर ही मर्यादा. बीजिंगमध्ये ड्रोनचा विचार सोडून द्या. नियम बदलत राहतात, निघण्याआधी ताजे वाचा.

वेळ: बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. सूझोऊला आधी नोंदणी लागते, पासपोर्ट जवळ ठेवा. आत ट्रायपॉड सहसा चालत नाही. १ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी असते, त्या आठवड्यात ओसरींची १५ फोटोंची युक्तीही हरते.

दगडविटा

वांग शूंच्या श्यांगशान कॅम्पसबद्दल राहिलं. हांगझोऊ, चायना अॅकॅडमी ऑफ आर्ट, पहिला टप्पा २००४, दुसरा २००७. छपरांवर पाडलेल्या घरांची वीस लाखांहून अधिक जुनी कौलं. लोक तिथे 'एक मुख्य फोटो' शोधत फिरतात आणि तो मिळत नाही, कारण इमारती मुद्दाम एकमेकींना झाकतात.

सुंग काळातले चित्रकार ग्वो शी यांनी डोंगर बघण्याची तीन अंतरं सांगितली आहेत: खालून वर, समोरून मागे खोल, आणि जवळून दूर सपाट. कॅम्पस तसाच बघावा. खालून वरसाठी शिफ्ट लेन्स. खोलसाठी भिंतीतल्या वेड्यावाकड्या झरोक्यातून पलीकडचा जिना आणि त्याच्या पलीकडची टेकडी, ५० मिमी, एफ १३, फोकस मधल्या थरावर. सपाट दूरसाठी ८५ ते १३५ मिमी, बरंच मागून, कौलांची वळणं आणि मागची टेकडी एकाला एक चिकटतील अशी. मग हे तीन फोटो शेजारी ठेवा, एकात कोंबू नका.

नवी_पाटी

शेवटचा प्रश्न. यांगझोऊच्या झोंगशूग पुस्तकाच्या दुकानात जमीन काळ्या आरशासारखी आहे, कमानी खाली उलट्या दिसून पूर्ण गोल होतो. फोटोत काढणारा स्वतःच दिसतो. काय करावं?

ओसरी

@नवी_पाटी, कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर, पातळीत. कॅमेरा खाली झुकला नाही की जमिनीत दूरच्या कमानीच दिसतात, पायाजवळचं काही येत नाही. प्रतिबिंबासकट गोल पूर्ण हवा तर जमिनीची कड चौकटीच्या बरोबर मध्यावर येऊ द्या. फोकस प्रतिबिंबावर करू नका, खऱ्या कमानीवर करा, एफ ११. प्रतिबिंब कमानीइतक्याच अंतरावर असल्याने तेही आपोआप स्पष्ट येतं.